मालगाडीचा गार्ड व्हायचं आहे, पण चष्मा आहे: रेल्वेच्या अर्जात पसंतीक्रम कसा भरावा?

खान्देशी_पदवीधर

रेल्वे भरती मंडळाची पदवीधर एनटीपीसीची (बिगर-तांत्रिक पदांच्या भरतीची) पुढची जाहिरात आली की अर्ज भरणार आहे. पहिली पसंती गुड्स ट्रेन मॅनेजर, म्हणजे पूर्वीचा गुड्स गार्ड, या पदाला द्यायची आहे. शिक्षण बी.कॉम., निकाल हातात आहे. जात राज्याच्या यादीत भटक्या जमाती क प्रवर्गात, धनगर. चष्मा आहे, उजव्या डोळ्याचा −०.७५ आणि डाव्याचा −०.५०. तीन गोष्टी नीट कळत नाहीत.

१. एवढ्या नंबरात वैद्यकीय तपासणी पास होते का? लेझर करून घ्यावं असं एका क्लासवाल्याने सुचवलं आहे.
२. एनटी-क चा दाखला रेल्वेला चालतो का?
३. गार्डचं काम म्हणजे फक्त मागच्या डब्यात बसून झेंडी दाखवणं, असं जो तो सांगतो. प्रत्यक्षात काय काय करावं लागतं?

हिरवा_बावटा

लेझरचा विचार आधी डोक्यातून काढा. गुड्स ट्रेन मॅनेजरला ए-२ हा वैद्यकीय दर्जा लागतो आणि लॅसिक किंवा नंबर घालवण्यासाठी दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार ए-२ साठी अपात्र ठरतो, हे जाहिरातीतच छापलेलं असतं. शस्त्रक्रियेची खूण डॉक्टरांना स्लिट लॅम्पखाली दिसते, ती लपत नाही. आज नंबर आहे म्हणून कदाचित नापास व्हाल, लेझर केलंत तर नक्की व्हाल.

ए-२ ची अट अशी: लांबचं दिसणं दोन्ही डोळ्यांना ६/९ आणि ६/९, तेही बिनचष्म्याचं. जवळचं ०.६ आणि ०.६, तेही चष्म्याशिवाय. त्याशिवाय रंगदृष्टी, दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहणं, रात्रीची दृष्टी आणि अंधुक उजेडातली दृष्टी या चाचण्या वेगळ्या. कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे चष्माच धरतात. ६/९ चा अर्थ असा की निरोगी डोळ्याला जी ओळ ९ मीटरवरून वाचता येते ती तुम्हाला ६ मीटरवरून वाचता आली पाहिजे. लोको पायलटच्या (इंजिन चालकाच्या) ए-१ मध्ये ६/६ आणि वर फॉगिंग टेस्ट, म्हणजे लपलेला नंबर पकडणारी भिंगांची चाचणी असते, ती इथे नाही. तेवढाच काय तो दिलासा.

−०.५० चा डोळा बिनचष्म्याने ६/९ वाचू शकतो, −०.७५ चा अनेकदा ६/१२ वर अडकतो. पण नंबरावरून अंदाज बांधू नका, कारण एकाच नंबरात दोघांचं वाचन वेगळं असू शकतं. नेत्रतज्ज्ञाकडे जा, ए-२ ची अट दाखवा आणि चष्मा काढून एकेक डोळा तक्त्यावर तपासून लेखी घ्या. इशिहाराची ठिपक्यांची पुस्तिकाही तेव्हाच वाचून घ्या. लाल-हिरव्यात गोंधळ असतो आणि आयुष्यभर पत्ता नसतो, असे उमेदवार शेवटच्या टप्प्यावर बाद होतात. रेल्वे रुग्णालयात पुस्तिकेसोबत कंदिलाची चाचणीही होते: अंधाऱ्या खोलीत रंगीत दिव्याचे बारीक ठिपके दाखवतात आणि रंग सांगायचा असतो.

हे सगळं पसंतीक्रम भरण्याच्या आधी करा. अंतिम यादीत गुण आणि पसंती पाहून प्रत्येकाला एकच पद मिळतं आणि त्याच पदाच्या दर्जाने वैद्यकीय होते. तिथे नापास झालात तर दुसरं पद देत नाहीत. म्हणजे दोन परीक्षा पार करून, कागदपत्रं दाखवून, वैद्यकीयची चोवीस रुपये फी भरून शेवटी रिकाम्या हाताने परत. क्लासमध्ये कटऑफवर तासन् तास बोलतात आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही, याची चीड येते.

बिनचष्म्याने ६/९ येत नसेल तर गुड्स ट्रेन मॅनेजर आणि स्टेशन मास्तर ही दोन्ही पदं पसंतीत टाकूच नका, दोन्हींना ए-२ च लागतो. मग मुख्य वाणिज्य व तिकीट पर्यवेक्षक हे पद वर घ्या. त्याला बी-२ चालतो: ६/९ आणि ६/१२, चष्म्यासह. मूळ पगार ३५,४००, म्हणजे गार्डच्या २९,२०० पेक्षा वरचा स्तर. त्याखाली वरिष्ठ लिपिक आणि कनिष्ठ लेखा सहायक, दोन्हींना सी-२. मात्र या दोन पदांना टंकलेखनाची पात्रता परीक्षा आहे, इंग्रजी ३० किंवा हिंदी २५ शब्द मिनिटाला. मराठी टायपिंगचा तिथे उपयोग नाही.

डोळे बसत असतील तर गार्डला पहिली पसंती द्यायला हरकत नाही. सीईएन, म्हणजे भरतीची केंद्रीय जाहिरात, क्रमांक ०५/२०२४ मध्ये ८,११३ पैकी ३,१४४ जागा याच पदाच्या होत्या आणि ०६/२०२५ मध्ये ५,८१० पैकी ३,४१६. दोन्ही वेळा दुसऱ्या कुठल्याच पदाच्या एवढ्या जागा नव्हत्या.

दाखला_आणि_सेतू

फक्त कागदपत्रांबद्दल लिहितो. महाराष्ट्रातली मुलं इथेच सर्वाधिक अडकतात.

केंद्राच्या भरतीत विमुक्त जाती, भटक्या जमाती ब-क-ड किंवा विशेष मागास प्रवर्ग असे रकानेच नसतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी, आर्थिक दुर्बल घटक आणि खुला, एवढेच. तुमची जात केंद्राच्या महाराष्ट्रासाठीच्या ओबीसी यादीत आहे, म्हणून अर्जात तुम्ही ओबीसी-नॉन क्रीमी लेयर. पण राज्याच्या नमुन्यातलं नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र तिथे चालत नाही. सेतूत किंवा आपले सरकारवर अर्ज करताना केंद्र शासनाच्या नोकरीसाठीचा नमुना मागा. त्याचा मजकूर जाहिरातीच्या परिशिष्टात छापलेला असतो, त्याची प्रत सोबतच न्या. प्रमाणपत्र हातात आल्यावर खिडकीपासून हलण्याआधी तीन गोष्टी पाहा: भारत सरकारच्या नोकरीसाठी असा उल्लेख आहे का, जातीचं स्पेलिंग केंद्रीय यादीशी जुळतं का, आणि तारीख जाहिरातीतल्या मुदतीत बसते का.

याच धाग्यावर मराठा उमेदवारही येतील म्हणून लिहितो: राज्याचं एसईबीसी आरक्षण रेल्वेत लागू नाही. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटी बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढा. त्यावरचं आर्थिक वर्ष जाहिरातीत मागितलेलंच हवं, एक वर्ष मागचं असेल तर खुल्या गटात जाल.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आपल्याकडे आडनाव आधी छापतात, आधारवर बहुतेकांचं नाव आधी असतं. रेल्वे मंडळ अर्जदाराची ओळख आधारवरून पडताळतं आणि नाव, जन्मतारीख दहावीशी तंतोतंत जुळावी असं सांगतं. जाहिरातीची वाट न पाहता आधार दुरुस्त करून घ्या. शेवटच्या आठवड्यात केंद्रांवर रांगा असतात.

अर्ज भरताना:

- खातं उघडताना दिलेला मोबाइल, ईमेल आणि निवडलेलं भरती मंडळ नंतर बदलता येत नाही. बाकीच्या दुरुस्त्यांना प्रत्येक वेळी २५० रुपये.
- मंडळ एकच निवडा. दोन ठिकाणी अर्ज केला तर सगळे अर्ज रद्द होतात. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या जागा मुंबई मंडळात पाहा, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या बिलासपूर मंडळात. नोकरी त्या रेल्वेत कुठेही लागू शकते. आपल्याच गावाजवळचा डेपो मिळेल असं गृहीत धरू नका.
- सही धावत्या अक्षरात करा. सुट्या मोठ्या इंग्रजी अक्षरातली सही बाद होते.
- फी ५०० रुपये, पहिल्या परीक्षेला बसलात की ४०० परत. सवलतीची २५० रुपये फी भरणाऱ्यांत अनुसूचित जाती-जमाती, महिला, माजी सैनिक, अल्पसंख्याक वगैरे येतात, ओबीसी येत नाहीत. तुम्हाला ५०० च. परताव्यासाठी बँक खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी कोड दोनदा तपासा.
- परीक्षेची भाषा मराठी निवडता येते. भाषांतरात शंका आली तर पडद्यावर इंग्रजी मजकूर पाहा, वाद झाला तर तोच ग्राह्य धरतात.

पदवीचा निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी लागलेला हवा. तुमचा लागला आहे, म्हणून तो प्रश्न नाही. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी मात्र फॉर्म भरण्यात पैसे घालवू नयेत.

ब्रेकव्हॅन

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, आणि जरा सविस्तर, कारण "झेंडी दाखवणं" या शब्दांनी या कामावर फार अन्याय होतो. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाने गार्ड हे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. नाव नवं असलं तरी काम तेच आहे.

५८ वाघिणींची बॉक्सएन (उघड्या, उंच कडांच्या वाघिणींची) रेक, म्हणजे जोडलेली पूर्ण गाडी, इंजिनासह साडेसहाशे मीटरच्या आसपास जाते. पुढे लोको पायलट आणि सहायक, मागे ब्रेक व्हॅनमध्ये तुम्ही एकटे. मधे काय बिघडलं ते कळण्याची साधनं तीन: तुमचे डोळे, वॉकीटॉकी आणि ब्रेक व्हॅनमधला प्रेशर गेज.

लॉबीत, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या जागी, साइन ऑन करताना श्वासाची चाचणी होते, ती चुकत नाही. मग सेक्शनमधल्या वेगमर्यादांची सूचना वाचून घ्यायची आणि सामान तपासायचं: लाल-हिरवे बावटे, तिरंगी दिवा, शिट्टी, दहा डेटोनेटर (धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर ठेवायचे फटाके), टेल लॅम्प, एलव्ही (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचं वाहन) पाटी, प्रथमोपचार पेटी, नियमपुस्तक, चालू कार्य-वेळापत्रक. डेटोनेटरच्या डब्यावर तारीख असते, ती वाचायची. पूर्वी हे सगळं लोखंडी लाईन बॉक्समधून जायचं, आता बऱ्याच ठिकाणी ट्रॉली बॅग आली आहे.

गाडीजवळ पोचल्यावर पहिली गोष्ट ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, म्हणजे बीपीसी. ते वैध आहे का, त्यावर लिहिलेल्या वाघिणी आणि उभी असलेली रेक जुळते का. गाडी अशा जागी भरली किंवा रिकामी केली असेल जिथे कॅरेज-वॅगनचे कर्मचारी नाहीत, तर गार्ड आणि लोको पायलटने मिळून तपासणी करायची असते, तिला जीएलपी चेक म्हणतात. दोघांनी गाडीच्या कडेने चालत पाहायचं: होजपाइप जोडलेले आहेत का, अँगल कॉक (ब्रेकच्या हवेच्या नळीचे नळ) उघडे आहेत का, हँडब्रेक पूर्ण सुटलेत का, दारं बंद आहेत का, खाली काही लोंबतंय का, आणि एम्प्टी-लोडचा दांडा बरोबर बाजूला आहे का. भरलेल्या वाघिणीचा दांडा एम्प्टीवर राहिला तर ब्रेक कमी लागतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. रिकामी वाघीण लोडवर राहिली तर चाकं जॅम होऊन घासतात. हँडब्रेक अर्धवट सुटला तरी तेच: चाक तापतं, सपाट होतं.

मग कंटिन्युइटी, म्हणजे ब्रेकची हवा इंजिनापासून शेवटपर्यंत सलग आहे का ते पाहणं. इंजिनात ब्रेक पाइपचा दाब ५ किलो असतो. ५६ वाघिणींपर्यंत ब्रेक व्हॅनच्या गेजवर ४.८ दिसला पाहिजे, त्याहून लांब गाडीला ४.७. लोको पायलट दाब उतरवतो तेव्हा मागचा काटाही उतरला पाहिजे. तुम्ही मागून आपत्कालीन झडप उघडली की पुढे दाब पडल्याचं त्याला दिसलं पाहिजे. वॉकीटॉकीवर दोन्ही बाजूंनी आकडा बोलून घ्यायचा. मधे कुठे एक अँगल कॉक बंद राहिला असेल तर त्याच्या मागच्या सगळ्या वाघिणी बिनब्रेकच्या असतात, आणि हे दुसऱ्या कशाने कळत नाही. मागचा काटा ४.८ वर स्थिर आहे एवढं पाहून "ओके" देणं ही नव्या माणसाची नेहमीची चूक. कॉक नंतर बंद झाला असेल तर अडकलेली हवा काही काळ काटा तसाच धरून ठेवते. काटा हलताना पाहिला पाहिजे.

शेवटच्या वाघिणीला, बहुतेक वेळा ब्रेक व्हॅनलाच, दिवसा एलव्ही पाटी आणि रात्री लाल टेल लॅम्प. स्टेशनवरचा माणूस गाडी पूर्ण आली हे त्यावरूनच ओळखतो. पाटी पडली तर गाडी मधे तुटली असं समजून मागचा सेक्शन अडवून ठेवतात. म्हणून ती बांधून ओढून पाहायची.

चालत्या गाडीत प्रत्येक स्टेशनवर दोन्ही बाजूंनी ऑल राइटच्या (सगळं ठीक आहे या) इशाऱ्याची देवाणघेवाण. वळणावर गाडीची आतली पूर्ण बाजू दिसते, तेव्हा धूर, ठिणग्या, तापलेला अ‍ॅक्सल, उघडं दार शोधायचं. वेळा लिहीत जायचं.

आणि ज्या प्रसंगासाठी हे पद आहे तो प्रसंग: गाडी मधेच अडकली, अपघात झाला किंवा तुटली. लोको पायलटशी बोलून मागच्या बाजूचं संरक्षण गार्डने करायचं. थांबा दाखवत मागे चालत जायचं, ६०० मीटरवर रुळावर एक डेटोनेटर, १,२०० मीटरवर तीन, एकमेकांपासून १० मीटर अंतराने. हे ब्रॉडगेजचे आकडे. परत बोलावलं तर तीन तिथेच ठेवायचे आणि येताना मधला एक उचलून आणायचा. रात्री, पावसात, खडीवरून सव्वा किलोमीटर. रंगदृष्टी आणि रात्रीच्या दृष्टीची अट कुठून आली ते इथे समजतं.

जुन्या चारचाकी ब्रेक व्हॅनमध्ये सोय अशी काही नसते. पाणी, बॅटरी, जेवण आपलं आपण न्यायचं. लूप लाइनवर गाडी तासन् तास उभी राहते आणि गेलेली माणसं कधी परत येतील ते घरी सांगता येत नाही. हे जमेल का, याचा विचार डोळ्यांच्या तपासणीइतकाच आधी करा.

खान्देशी_पदवीधर

मनापासून आभार. डोळ्यांची तपासणी आधी करतो, मगच पसंतीक्रम. आणखी दोन शंका: गार्डला कॅबॅट (संगणकावरची अभियोग्यता चाचणी) असते का? आणि ईओटीटी (शेवटच्या वाघिणीवर बसणारं यंत्र) आल्यावर हे पद राहणार का?

हिरवा_बावटा

कॅबॅट स्टेशन मास्तर आणि ट्रॅफिक असिस्टंटला. गार्डला नाही, टायपिंगही नाही. पहिली परीक्षा १०० प्रश्न, ९० मिनिटं: सामान्य ज्ञान ४०, गणित ३०, बुद्धिमत्ता ३०. ती चाळणीपुरती. दुसरी १२० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटं: ५०, ३५, ३५. गार्डची गुणवत्ता यादी फक्त दुसरीच्या गुणांवर लागते. स्टेशन मास्तरला ३० टक्के वजन कॅबॅटचं असतं, तसं इथे काही सावरून घेणारं नाही. दोन्ही पेपरांत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातो. सरावात हे लक्षात घ्या की दुसऱ्या पेपरात प्रश्नाला सरासरी पाऊण मिनिट मिळतं. सामान्य ज्ञानाचे पन्नास पंचवीस मिनिटांत संपवता आले तरच गणिताला श्वास घ्यायला जागा उरते. वाणिज्य शाखेच्या मुलांचं विज्ञान कच्चं असतं, दहावीपर्यंतची विज्ञानाची पुस्तकं तिथे पुरतात.

ब्रेकव्हॅन

ईओटीटीत शेवटच्या वाघिणीवर एक यंत्र बसतं, ते मागचा दाब आणि गाडी अखंड असल्याची खबर इंजिनातल्या पडद्यावर पाठवतं. ब्रेक व्हॅन आणि माणूस वाचवणं हाच त्याचा हेतू आहे, हे खरं. तरी वर दिलेल्या जागांचे आकडे पाहा, २०२५ मध्येही सर्वाधिक जागा याच पदाच्या निघाल्या. शिवाय इथून पुढची वाट मालगाडीपुरती नाही: वरिष्ठ गुड्स, मग पॅसेंजर, मग मेल-एक्स्प्रेस ट्रेन मॅनेजर, आणि विभागीय परीक्षेतून सेक्शन कंट्रोलरही होता येतं.

तासांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी माहीत असू द्या. रनिंग ड्यूटी सहसा ९ तास. वाढवायची तर दोन तास आधी कळवून, गाडी सुटल्यापासून ११ तासांपर्यंत. साइन ऑनपासून एकूण १२. आठ तास किंवा जास्त ड्यूटी झाली तर मुख्यालयात १६ तास विश्रांती, बाहेरच्या रनिंग रूमला (कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिगृहात) ८. महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच साप्ताहिक विश्रांती. रविवार, सण यांचा त्यात हिशेब नाही. पगारात मूळ २९,२०० वर महागाई भत्ता आणि किलोमीटरवर मिळणारा रनिंग भत्ता. रुळावर जितके किलोमीटर तितका तो भत्ता, म्हणून एकाच स्तरावरच्या दोघांच्या हातात येणारी रक्कम सारखी नसते.

निवड झाली तर क्षेत्रीय प्रशिक्षण संस्थेत जावं लागेल, मध्य रेल्वेची भुसावळला आहे. तिथे जनरल रूल्स पाठ करून घेतात आणि परीक्षा पास झाल्याशिवाय गाडी देत नाहीत. नंतर सेक्शन शिकण्याच्या फेऱ्या, त्यात रात्रीची फेरी येतेच. डोळ्यांची तपासणीही एकदाच होऊन संपत नाही. ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी.

दाखला_आणि_सेतू

वयाचं राहिलं. ०५/२०२४ मध्ये कमाल वय ३६ होतं, कारण कोविडची तीन वर्षांची सूट एकदाच दिली होती. ०६/२०२५ मध्ये ते पुन्हा ३३ वर आलं. ओबीसी-नॉन क्रीमी लेयरला त्यावर तीन वर्षं. जुनी जाहिरात पाहून हिशेब करू नका. वय मोजायची तारीख नव्या जाहिरातीतली घ्या आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या जन्मतारखेशी ताडून पाहा.